बेडूकगाडी आणि पोराची हजेरी

आम्ही पेशाने कारकून. बी. कॉम. झाल्यापासून दुसऱ्यांच्या पैशांच्या बेरजा करीत आलो आणि उरलेल्या वेळात समाजबांधवांचे दाखले, रेशनकार्डे, पीएफचे अर्ज भरून देत आलो. यंत्राशी आमचा संबंध पंख्याचे बटण दाबण्यापुरता. असे असता आम्ही खेळण्यातल्या मोटारीच्या सुट्या भागांवर लिहायला बसलो आहोत, हे पाहून वाचक हसतील. खुशाल हसावे. पण पुढे वाचावे, कारण या मोटारीने आमची एक चूक आमच्याच हस्ताक्षरात पकडून दिली आहे.

आमचे थोरले मामा बहारीनला फिटर होते. १९८६ च्या मे महिन्यात ते रजेवर आले, तेव्हा वरळीच्या बीडीडी चाळीतल्या त्यांच्या खोलीत एक मोठे खोके उघडले गेले. आत रेडिओवर चालणारी मोटार. तोवर चावीची मोटार आम्ही पाहिली होती. वायरच्या टोकाला बांधलेली एकदा जत्रेत पाहिली होती. ही मात्र मोकळी धावे. मामा जांबोरी मैदानाच्या कडेला उभे राहून हातातल्या पेटीची दांडी हलवीत आणि गाडी धूळ उडवीत पार पलीकडे जाई. सबंध चाळ बघायला लोटे. रिमोट मामांच्या हाती, फार तर मामेभावाच्या. आमच्याकडे बॅटरीची पिशवी सांभाळण्याचे काम. आमचा धाकटा भाऊ सर्वांत लहान, त्याला नेमून दिलेले काम एकच, गाडी उलटली की धावत जाऊन ती सरळ करायची. सुट्टीभर त्याने ते इमानाने केले. रिमोटला त्याचा हात लागल्याचे आम्हाला आठवत नाही.

पुढच्या वर्षीच गाडी बंद पडली. मोटर फिरे, आवाज होई, पण मागची चाके फिरत नसत. मामांनी उघडून पाहिली, मान हलवली आणि "भाग मिळायचा नाही" म्हणून खोके माळ्यावर टाकले. फिटर माणसाने असे म्हटल्यावर बोलणार कोण?

ते खोके अलीकडे खोली रिकामी करताना खाली आले. मामेभावाने फोन केला, "दादा, तुमच्या पोराला देऊन टाकू का? टर्नर आहे ना तो?" पोर म्हणजे आमच्या धाकट्याचा मुलगा. आयटीआयचा टर्नर ट्रेड चांगल्या गुणांनी पास. इथे गोखिवऱ्यात एका गाळ्यात कंत्राटावर लेथ चालवीत होता. काम कमी झाले तसे त्याला घरी बसवले. चार महिने झाले होते. बाप आणि लेक एका ताटात जेवत, पण एकमेकांशी बोलत नसत. बापाचे म्हणणे, मिळेल ते काम धर, हेल्परचे असले तरी धर. पोराचे म्हणणे, मी टर्नर आहे. दोघांचेही खरे, म्हणून घरात कोणी मध्ये पडत नव्हते.

खोके घरी आले आणि पोर त्याच्याभोवती बसले ते उठेचना.

ही गाडी जपानच्या शिझुओका शहरातल्या टामिया कंपनीची. या कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ मोटारीची रेडिओवर चालणारी पहिली प्रतिकृती काढली. १९७९ साली खडकाळ जमिनीवर पळणाऱ्या दोन गाड्या आणल्या. १९८३ साली आमची ही, 'फ्रॉग', म्हणजे बेडूक. १९८४ साली 'ग्रासहॉपर' आणि 'हॉर्नेट', म्हणजे नाकतोडा आणि गांधीलमाशी. जपान्यांनी सगळे शिवारच चाकांवर बसवले म्हणा ना! त्याच १९८४ साली अमेरिकेत असोसिएटेड कंपनीची सोनेरी अ‍ॅल्युमिनियमच्या चासीची 'आरसी१०' आली आणि शर्यतींना ऊत आला. शर्यतवाले लोक गाडी दुकानातून आली तशी चालवीत नसत. पहिली गोष्ट म्हणजे प्लास्टिकचे बुश काढून बॉल बेअरिंग घालायचे. मग जोड बदलायचे, डिफरन्शियल बदलायचे. असे बरेच भाग लहान लहान वर्कशॉप बनवू लागली. कॅलिफोर्नियाची एमआयपी ही कंपनी तर अशा टिकाऊ जोडांसाठीच नावाजली गेली. आज चाळीस वर्षांनी त्या गाड्या जपणारे शौकीन जगभर आहेत. आपल्या देशातही आहेत, हे आम्हाला पोराने सांगितले तेव्हा खरे वाटले नाही.

बेडकाचे दुखणे गुडघ्यात होते. मोटरची ताकद गिअरबॉक्समधून मागच्या चाकांना पोहोचवायला दोन बाजूंना दोन पोलादी दांड्या. दांडीचे टोक षटकोनी, आणि ते बसते षटकोनी भोकाच्या वाटीत. चाक वरखाली होताना दांडी तिरपी होते, कडा घासतात आणि घासता घासता षटकोन गोल होतो. मग दांडी वाटीत नुसती गरगरते. खुद्द टामियानेही हे ओळखले असावे, कारण २००५ साली हीच गाडी पुन्हा बाजारात आणताना त्यांनी षटकोनी जोड सोडून 'डॉगबोन' घातले. दोन्ही टोकांना आडवी पिन असलेली दांडी, दिसायला कुत्र्याच्या हाडासारखी. ती खाचेच्या वाटीत बसते.

मग ते नवे भागच मागवावेत की! आम्हीही तेच म्हणालो. पण परदेशी खेळण्यांवरचे आयात शुल्क सरकारने २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर नेले आणि २०२३ साली ७० वर. वर पार्सलचे भाडे. हिशेब मांडून आम्ही गप्प बसलो. पोर म्हणाले, "मोठे पप्पा, आपल्या चाळीच्या मागे शंभर लेथ फिरतात, आणि आपण जपानला पत्र लिहायचे?"

हे मात्र खरे. वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला गोखिवऱ्याकडे निघाले की गाळ्यांची रांग संपता संपत नाही. लेथ, मिलिंग, पॉवर प्रेस, प्लास्टिकचे मोल्डिंग, डायमेकर, वायरकट, प्लेटिंग. एका गाळ्यात पेनाची टोपणे पडतात, शेजारी नळाचे व्हॉल्व्ह. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून कामगार आत शिरतात. मागे तुंगारेश्वरचा डोंगर हिरवागार, त्याच्याकडे बघायला कोणाला फुरसत नाही.

पहिला प्रयत्न फसला. पोराने मित्राकडून थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकच्या वाट्या काढून आणल्या. दिसायला सुबक. गाडी अंगणात दहा फूट गेली आणि वाटी थरावर थर सुटून उलगडली, पापुद्रे सुटलेल्या खारीसारखी. छपाईचे थर ज्या दिशेने बसतात, त्या दिशेला ते कच्चे असतात. शिवाय ते स्वस्तातले प्लास्टिक साठेक अंशाला मऊ पडते. उन्हात तापलेल्या गाडीचे मग काय व्हायचे? दुसऱ्या वेळी त्याने पोलाद घेतले, पण माप चुकले. झिजलेल्या वाटीचे माप घेऊन केलेला भाग झिजल्यासारखाच बसला.

तेव्हा गाळेवाल्या मिस्त्रीकाकांनी त्याला शिकवलेली गोष्ट आम्हीही लिहून ठेवली आहे. झिजलेल्या वस्तूचे माप झिजलेल्या जागी घ्यायचे नाही. जिथे काहीच घासत नाही अशी जागा शोधायची, बुडाशी, कोपऱ्यात, आणि व्हर्नियर तिथे लावायचा. पोराने तीन संध्याकाळी नुसती मापे घेतली. गिअरचे दात मोजताना इंचाची पद्धत की मिलिमीटरची, यावर दोघांचा वाद झाला. २५.४ ला ३२ ने भागले की ०.७९ येते, आणि जपानी माप ०.८, इतके जवळचे की एकाला दुसरे समजून बसवून माणूस फसतो. हा भागाकार मात्र आम्ही केला. कारकुनाचा तेवढाच उपयोग.

वाट्या ईएन-२४ पोलादाच्या, लेथवर काढून खाच वायरकटवर पाडलेली, मग हार्डनिंग. आडव्या पिना म्हणून त्याने नीडल बेअरिंगमधले रोलर काढून ठोकले, कारण ते आधीच कडक आणि गुळगुळीत असतात. जुनी बॅटरी फुगून गळली होती, ती फेकली. सत्तावीस मेगाहर्ट्‌झचा जुना रेडिओ काढून आजचा बसवला. पारदर्शक बॉडीला रंग आतून दिलेला असल्याने तो मात्र चाळीस वर्षांनीही तसाच होता. बाहेरून पुसले की झाले.

गाडी धावली. मिस्त्रीकाकांच्या गाळ्यासमोर सगळे कामगार बाहेर आले होते.

मामेभावाच्या ओळखीतले पुण्याचे एक गृहस्थ अशा गाड्या जमवतात. त्यांनी चार सेट मागितले आणि भाव विचारला. पोर आमच्याकडे आले, "मोठे पप्पा, कोटेशन तुम्ही करा." आम्हाला भारी वाटले. कोरा कागद घेऊन आखणी केली. साहित्य ३४०, लेथचे भाडे १,२००, वायरकट ९६०, हार्डनिंग ३००, कुरिअर २००. एकूण ३,०००. दहा टक्के नफा धरून ३,३००. दर सेट ८२५ रुपये. खाली दुहेरी रेघ मारली.

कागद टेबलावर होता. धाकटा कामावरून आला, पाणी प्यायला, कागद उचलला. त्याने पंधरा वर्षे कंत्राटदाराकडे प्रेस मशीनवर काढली आहेत. महिन्यातले दोनतीन दिवस कंत्राटदाराच्या वहीत नेहमी कमी लागत, आणि त्या हजेरीसाठी तो भांडभांड भांडलेला. कागद वाचून त्याने आमच्याकडे पाहिले. पोराकडे नाही, आमच्याकडे.

"दादा, यात पोराची हजेरी कुठे लावलीस?"

वाचकहो, एप्रिल महिन्यात विहारात बाबासाहेब मजूरमंत्री होते त्या १९४२ ते १९४६ या काळावर आम्ही पाऊण तास बोललो होतो. टाळ्याही पडल्या होत्या. आणि घरातल्या कागदावर यंत्राला भाडे लावले, भट्टीला लावले, कुरिअरवाल्याला लावले, आणि माणसाच्या जागी रकानाच आखला नव्हता. घरचे पोर म्हणून? की खेळण्याचे काम म्हणून? आम्ही अजून विचार करतो आहोत. हेल्परची नोकरी धर म्हणणारा बाप ते पाहू शकला, आणि पोराची बाजू घेतो म्हणवणारे आम्ही पाहू शकलो नाही.

सहचारिणी स्वयंपाकघरातून म्हणाली, "बी. कॉम. आहेत हो ते." तिला गप्प बसवायला आमच्यापाशी काही नव्हते.

कागद नव्याने केला. मापे आणि प्रत्यक्ष काम मिळून चार दिवस, दिवसाचे ८०० प्रमाणे ३,२००. एकूण ६,२००, नफ्यासह ६,८२०, दर सेट १,७०५. दिवसाचा दर किती लावायचा, यावर बापलेक तासभर बोलले. चार महिन्यांत पहिल्यांदा बोलले, तेही भांडूनच. पुण्याच्या गृहस्थांचे आठ दिवस उत्तर नाही. पोराचा जीव टांगणीला, आमचाही. आम्हाला वाटे, जुना भाव पाठवला असता तर? नवव्या दिवशी त्यांनी दोनच सेट घेतले. उरलेले दोन तेल लावून डबीत ठेवले आहेत. म्हणजे या धंद्यावर घर चालेल, असा दावा कोणी करू नये. पोराने आता मिस्त्रीकाकांकडेच अर्धा दिवस काम धरले आहे आणि उरलेला वेळ त्याचा त्याचा.

मग मामांनी निरोप पाठवला. गाडी बघायची आहे, आणि दुरुस्तीचे बिल माझ्या नावे करा. फुकट नको. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाशी वाद कोण घालणार? आम्ही बिल केले, या वेळी हजेरीचा रकाना सर्वांत वर. रविवारी त्यांना रिक्षाने गोखिवऱ्याच्या मैदानात आणले, खुर्ची दिली. पोराने रिमोट त्यांच्या हाती ठेवला. गाडी सुटली, वळली, मामा लहान मुलासारखे हसले. मग रिमोट पोराला परत देऊन चष्मा लावला आणि बिल वाचू लागले, वरपासून खालपर्यंत, बोट ठेवून.

"माप घ्यायचे दिवस धरलेस," ते म्हणाले, "बनवायचे धरलेस. जे भाग फुकट गेले त्यांचे दिवस कुठे आहेत?"

आम्ही बिल परत घेतले आणि खिशात पेन चाचपू लागलो. तोवर पलीकडे गाडी उलटली होती, आणि आमचा धाकटा ती सरळ करायला निम्म्या मैदानापर्यंत पोहोचलाही होता.