दोन चाके आणि चार

मोटारगाडीत मागे बसावे, असा माझा आजवरचा शिरस्ता. पुढे बसणाऱ्याला रस्ता पाहावा लागतो. मागे बसणाऱ्याला डुलकी घेता येते. पण गेल्या श्रावणात पुतण्याने नवी पिकअप आणली, मागची जागा सासूबाईंनी आडवे होण्यासाठी घेतली आणि मी पुढे आले.

गाडी टोयोटाची हायलक्स. जपानात १९६८ साली सुरू झालेले हे घराणे आपल्याकडे २०२२ साली आले. लांबी सुमारे साडेसतरा फूट. पुढे पाच माणसांची बैठक, मागे उघडा हौदा. सासूबाईंनी तिला ‘टरक’ म्हटले, तेव्हा पुतण्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

कोल्हापूर सोडले तेव्हा हौदा रिकामा होता आणि प्रत्येक खड्ड्यात गाडीची मागची बाजू उसळत होती. “मागे पाटे आहेत, काकू. ते ओझ्यासाठीच केलेत,” तो म्हणाला. मलकापुरात गव्हाची चार पोती चढली आणि खरेच, गाडी शहाण्यासारखी चालू लागली. वर्गातली काही दांडगी मुलेही मॉनिटर केल्यावर अशीच निवळतात.

अणुस्कुरा घाटात पाऊस होता. “चारही चाकांना जोर दे ना!” मी म्हटले. तो हसला. “रस्ता डांबरी आहे, काकू. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. दोघांना एकत्र बांधलं तर ती आपसात भांडतात. इथं मागची दोनच पुरेत.” आमच्या एकत्र कुटुंबाचा इतिहास आठवून मी गप्प बसले.

राजापूर तालुक्यातली आमची वाडी डांबरी रस्त्यापासून मैलभर आत. मध्ये वहाळ, पलीकडे तांबड्या चिखलाची चढण. पुतण्या आधी खाली उतरला, विजार दुमडून पाण्यातून पलीकडे गेला, काठीने तळ चाचपून आला. मग चारही चाकांचा जोर लावून त्याने वहाळ ओलांडला. चढणीच्या मध्यावर मात्र चाके जागीच फिरू लागली. “जोरात काढ!” मी ओरडले. त्याने उलट गाडी हळूच सपाटीवर मागे घेतली, थांबवली, न्यूट्रलमध्ये टाकली आणि बटण ‘फोर-एल’वर फिरवले. यात चाकांची ओढ सुमारे अडीचपट होते आणि वेग तेवढाच घटतो. आता गाडी नांगराच्या बैलासारखी, एकेक पाऊल रोवत वर आली.

ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई पाच वर्षांनी आपल्या घरी आल्या होत्या. त्या कुणाशी बोलल्या नाहीत. ओटीच्या खांबावर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या.

संध्याकाळी परतायचे ठरले होते. दुसऱ्या दिवशी माझी शाळा. पण चारच्या सुमारास पावसाने झोड उठवली आणि वहाळ तांबडालाल होऊन फुगला.

“फोर-एल आहे की!” मी नव्या विद्येच्या तोऱ्यात म्हटले.

“काकू, चढायला चारही चाकं ओढतील. पण उतरणीवर घसरली, तर थांबायला हिलाही इतर गाड्यांसारखे चार ब्रेकच आहेत. आणि पाणी हौद्यापर्यंत चढलं, तर बटण काय करणार?” त्याने किल्ली खिशात टाकली.

मी मनातून रागावले. मुख्याध्यापकांना फोन करून एका दिवसाची रजा मागितली. गाडीची सारी ताकद ज्याच्या हाती, तोच ती वापरायला नकार देतो, हे मला पटायला रात्र जावी लागली. त्या रात्री सासूबाई आपल्या माजघरात, आपल्या जागी झोपल्या. मध्ये एकदा जाग आली, तेव्हा त्या अंधारात जमिनीवरून हात फिरवीत होत्या.

सकाळी ऊन पडले, वहाळ उतरला. पुतण्याने गाडी सुरू केली. सासूबाईंनी खिडकीतून विचारले, “काय रे, टरक बिघडली नाही ना?”

“छे, आजी! ठणठणीत आहे.”

“असू दे,” त्या म्हणाल्या आणि घर दिसेनासे होईपर्यंत मागे वळून पाहत राहिल्या.