तीन सिलिंडरांची सोबत

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गाडीची जुनी नंबरप्लेट निघाली. एप्रिल 2019 आधीच्या सगळ्या गाड्यांना ती नवी सरकारी प्लेट सक्तीची झाली होती. बसवणाऱ्या मुलाने गंजलेले स्क्रू कसेबसे फिरवले, पत्रा ओढला आणि मागून ओंजळभर माती खाली पडली. बारीक, तांबूस, कितीतरी पावसाळ्यांची साठलेली. प्लेट चिकटून होती तेवढ्या जागेवरचा पांढरा रंग मात्र शोरूममधून आणला तेव्हा होता तसाच राहिला होता. मुलगा फडकं घेऊन पुसायला लागला, फडकं ओलं होतं, मातीचा वास आला, आणि मी धुंदलवाडीच्या त्या हिवाळ्यात जाऊन पोचले.

गाडी आंब्याखाली उभी. चारी काचा बोटभर खाली. पुढच्या सीटची पाठ मागे टाकून सासूबाई झोपलेल्या, मागच्या सीटवर पाड्यावरची मुलं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून. मी बाहेर, दाराला टेकून, चादर पांघरून. घर हाकेच्या अंतरावर, पण आत जायची कुणाची छाती नव्हती.

मारुती 800 ज्यांच्या घरी होती त्यांना तिच्याबद्दल वेगळं काही सांगायला नको. 796 सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर, बारा इंची चाकं. आम्ही ती 2003 मध्ये घेतली. पालघर जिल्हा व्हायला अजून अकरा वर्षं होती, त्यामुळे पासिंग ठाण्याचं, एमएच-04. मी तलासरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवत होते आणि हे डहाणूला नोकरीला होते. मी एका बँकेत कर्जासाठी गेले तेव्हा तिथल्या साहेबांनी माझा पगाराचा दाखला बघितला, मग मला बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, तलासरीत चारचाकी कशाला? स्कूटी घ्या." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. कर्ज शेवटी शिक्षकांच्या पतपेढीने दिलं. पण ते वाक्य मी आजही माफ केलेलं नाही. तलासरीत गाडी कशाला, हे ज्याला तलासरी ठाऊक आहे तो विचारणारच नाही. रात्रीची एसटी नाही, जीप सात वाजता बंद, पाऊस चार महिने, आणि पाडे डांबरापासून आत, ओढ्यांच्या पलीकडे. ज्या गावात दुसरं वाहन नाही तिथेच गाडी लागते. बँकेच्या हिशोबात हे उलटं होतं.

माझे वडील, दादा, घोलवडच्या एका वाडीत मुकादम होते. आयुष्यभर त्यांनी चिकू मोजले, करंड्या भरल्या, स्टेशनवर पोचवल्या. मालकांच्या फियाटमध्ये करंड्या जायच्या, ते मागून सायकलवर. आमची गाडी दारात आली तेव्हा त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, बराच वेळ आत बघितलं आणि विचारलं, "अॅव्हरेज किती देते?" हायवेला साठच्या वेगाने अठराच्या आसपास, असं ह्यांनी सांगितलं. पेट्रोल तेव्हा चाळिशीच्या आत होतं. दादांनी मनात गणित केलं आणि म्हणाले, म्हणजे डहाणूला जाऊन यायला अमुक किलो चिकू. त्यानंतर पेट्रोलचा भाव वाढला की ते मला फोन करून नवा हिशोब सांगायचे, चिकूतच. रुपयाचा भाव त्यांना सरकारचा वाटायचा, चिकूचा भाव त्यांचा स्वतःचा. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ते नव्हते. असते तर सगळी गणितं नव्याने मांडत बसले असते.

इथे दिल्लीची एक गोष्ट सांगायलाच हवी. 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती 800 ची किल्ली हरपाल सिंग यांच्या हाती दिली. इंडियन एअरलाइन्समधले नोकरदार गृहस्थ. गाडीची किंमत होती 47,500 रुपये. त्यांनी ती विकली नाही, 2010 मध्ये जाईपर्यंत स्वतःजवळ ठेवली. पुढे जानेवारी 2014 मध्ये 800 बनायचीच बंद झाली. तोवर देशात पंचवीस लाखांहून जास्त विकल्या गेल्या होत्या. या सगळ्या इतिहासात मला हरपाल सिंगच जवळचे वाटतात. त्यांना नवीन गाडी घेणं जमलं नसेल असं नाही. पण जी गाडी आपल्याला एकदा परवडली, जिने आपल्याला कुणाच्या उपकाराखाली राहू दिलं नाही, ती सहजी सोडवत नाही.

आणि आमची गाडी आमच्या एकट्याची कधी नव्हतीच. 108 नंबरची रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 च्या जानेवारीत आली. त्याआधी रात्री बाराला अंगणात कुणी हाक मारली, की काय ते समजायचं. बाळंतीण असेल, साप चावलेला असेल, तापाने फणफणलेलं पोर असेल. डहाणूचं कॉटेज हॉस्पिटल, नाहीतर सरळ सीमा ओलांडून सिल्वासाचं विनोबा भावे हॉस्पिटल. ह्यांनी त्या खेपांचे पैसे कधी घेतले नाहीत. कुणी पायलीभर भात आणून ठेवायचं, कुणी मोहाची फुलं, कुणी कोंबडी. उधव्याकडच्या चढावर गाडी भरलेली असली की दुसऱ्या गिअरशिवाय भागायचं नाही. इंजिन ओरडायचं, तापमानाचा काटा वर चढायचा, आणि मागे बसलेली बाई कण्हत असायची. साडेसहाशे किलोची ती गाडी आपल्या वजनाच्या निम्मी माणसं घेऊन चढ चढायची. गाडी कुठे बंद पडली तर धक्का मारायला पाड्यावरची पोरं धावत यायची, त्यांना त्यात आनंद वाटायचा. एक मूल त्याच सीटवर जन्मलं. आता ते मूल वापीच्या कारखान्यात कामाला जातं आणि मला रस्त्यात भेटलं की गाडीची चौकशी करतं.

धुंदलवाडीचे धक्के नोव्हेंबर 2018 मध्ये सुरू झाले. आधी कुणाला कळलंच नाही. खाणीत सुरुंग फुटला असेल, असं वाटलं. मग भांडी पडायला लागली, भिंतींना तडे गेले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेची माणसं आली, यंत्रं बसली. भूकंपांची मालिका असते, पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल झिरपतं आणि तिथे साचलेला ताण मोकळा होतो, असं आम्हाला सांगितलं गेलं. शाळेच्या मुलांना मी तेच फळ्यावर काढून दाखवलं, आणि फळा होता तंबूत. शाळा तंबूत, झोपही तंबूत. फेब्रुवारीच्या पहिल्याच दिवशी चारच्या वरच्या तीव्रतेचा धक्का बसला, त्या पळापळीत हळदपाड्यातलं एक लहान मूल पडून दगावलं. त्या रात्री पाड्यावरच्या बायका आपली मुलं घेऊन आमच्या अंगणात आल्या. तंबू पुरेसे नव्हते, थंडी होती. मी गाडीचं दार उघडलं.

सासूबाईंचा गाडीला पहिल्यापासून विरोध होता. कर्ज काढून गाडी घेणं त्यांना उधळपट्टी वाटायची, आणि पंधरा वर्षांत त्या नाइलाज झाला तरच तिच्यात बसल्या. त्या रात्री मी म्हटलं, "आई, तुम्ही पुढे झोपा." त्या काही न बोलता बसल्या. मध्यरात्री परत जमीन हलली. घरात असलं की धक्का डोक्यावर येतो, छप्पर आता पडेल असं वाटतं. गाडीत तसं होत नाही. स्प्रिंगा ते हलणं झेलतात, गाडी पाळण्यासारखी झुलते आणि थांबते. मुलं जागी झालीच नाहीत. सासूबाई जाग्या होत्या. काचेतून बाहेर बघत त्या म्हणाल्या, "हिच्या अंगावर पत्राच आहे, विटा नाहीत." मग हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला. इतक्या वर्षांत गाडीबद्दल त्यांनी काढलेले चांगले शब्द तेवढेच, पण मला ते पुरले.

ती रात्र आठवली की मागोमाग मला झरी आठवतं. त्याचा गाडीशी काही संबंध नाही, पण मनात दोन्ही एकत्रच येतात. 23 मे 1945 रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले होते, वेठबिगार करणार नाही असं म्हणायला. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. गोदूताई या डोंगरांत पायी हिंडल्या, पाड्यापाड्यावर राहिल्या. ज्या माणसांना लग्नाच्या कर्जापायी पिढ्यान्पिढ्या सावकाराच्या दारात राबावं लागायचं, त्यांच्या नातवंडांची नातवंडं त्या रात्री माझ्या मागच्या सीटवर झोपली होती. कर्ज काढून मी जी वस्तू आणली तिच्यात. कर्जाची ही दोन टोकं मी कित्येकदा जोडून बघते. एकाने माणूस बांधला जात होता, दुसऱ्याने मी मोकळी झाले. फरक व्याजात होता, पण त्याहून जास्त पतपेढी कुणाची होती त्यात होता. आमची आमचीच होती.

आता गाडी जुनी झाली. पंधरा वर्षांनंतर पुन्हा पासिंग झालं, नंतर परत एकदा. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, मेस्तरी म्हणतो रबरी नळ्यांवर लक्ष ठेवा. तलासरीतले लोक टाकी भरायला भिलाडकडे जातात, गुजरातेत लिटरमागे आठ-दहा रुपये स्वस्त पडतं म्हणून. मीही जाते. शेजारीपाजारी सगळे ईको किंवा उंच गाड्या घेतायत. छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा माझ्या शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेने हिशोब मांडायला घेतला, आणि मला फार बरं वाटलं. ती पाड्यावरचीच मुलगी आहे, तिच्या घरातली पहिली पगारदार. तिने उंच गाडीच्या मागे न लागता छोटी घ्यावी, असं मी तिला सांगते आहे. दाराशी अरुंद रस्ता, पेट्रोल महाग, आणि रात्री हाक येणार हे ठरलेलं. अशा जागी जी गाडी कमी पिते तीच जास्त वेळा निघते.

पण सध्या मला त्याहून वेगळी एक गोष्ट छळते. ती या लेखात येईल असं वाटलं नव्हतं.

मुंबई-अहमदाबाद महामार्ग आमच्या पाड्यांमधून जातो. पाडे आधीचे, रस्ता नंतरचा. शाळा एका बाजूला, विहीर दुसऱ्या बाजूला, असं कित्येक ठिकाणी आहे. 4 सप्टेंबर 2022 रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला आणि मागच्या सीटवरचे दोघे गेले. देशभर मागच्या सीटवरच्या पट्ट्याची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मी तेव्हापासून मागच्यांनाही पट्टा लावायला लावते. पण त्याच रस्त्यावर पायी चालणाऱ्यांची चर्चा मी कुठे ऐकली नाही. डोक्यावर मोळी घेऊन दुभाजक ओलांडणाऱ्या बाया, चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला निघालेली यात्रा, संध्याकाळी अच्छाडच्या कंपन्यांतून सुटलेली पोरं. त्यांना लावायला कुठलाच पट्टा नाही.

छोट्या गाडीने मला हे दाखवलं, असं मी म्हणेन. ती खुजी आहे, सीट रस्त्याला टेकलेली, त्यामुळे कडेने चालणाऱ्या माणसाचा चेहरा आपल्या चेहऱ्यासमोर येतो. उंच गाडीतून डोक्यावरची मोळी दिसते, चेहरा दिसत नाही. साठच्या वर ती चालवायची नाही, हा नियम आम्ही पेट्रोलसाठी केला होता. आज तो मला माणसांसाठी पाळावासा वाटतो. वाढवणला मोठं बंदर येणार, त्याचं भूमिपूजन 2024 च्या ऑगस्टमध्ये झालं, बुलेट ट्रेनचे खांब उभे राहिले, आणखी रुंद रस्ते होतील. होऊ देत. माझी मागणी लहान आहे आणि ती मी दर ग्रामसभेत लेखी देते: चारोटीपासून अच्छाडपर्यंत जिथे जिथे पाडा आहे तिथे माणसांना रस्त्याखालून जायला वाट द्या. मोठ्या गाड्यांना पूल मिळतात, पायांनाही मिळाले पाहिजेत. आणि तोवर, तुम्ही कुठलीही गाडी चालवत असा, धुंदलवाडी आली की पाय ब्रेकवर ठेवा. इथे शाळा सुटते पाच वाजता.