मामूंची दोन छपरे

मोटार घ्यायची ती ऊन-पाऊस लागू नये म्हणून, असे आमच्या कोकणातले साधे गणित. छप्पर काढून ठेवण्याची हौस म्हणून कुणी पैसे मोजून मोटार घेतो, हे आम्ही शाळेत सांगितले तर मुलांआधी सहकारी शिक्षकच हसतील. पण आमचे मामू अशी एक मोटार तीसेक वर्षे सांभाळून आहेत. ते इंग्लंडात कॉव्हेंट्रीला राहतात. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी तिकीट पाठवून आम्हांला बोलावले. निघताना अम्मीने मेथीच्या लाडवांबरोबर एक निरोपही बांधून दिला : "भाईजानना सांग, हा इसराफ पुरे. ते खेळणे विका आणि अब्बाजानच्या घराचे छप्पर नीट करा. वाशांना वाळवी लागलीय."

मामूंचे गावचे घर बंदच असते. दरवर्षी मृगाआधी ते शाकारण्याचे काम आमच्याकडे. त्यामुळे निरोप अम्मीचा असला तरी तक्रार आमचीही होती.

ही मोटार म्हणजे ट्रायम्फ टीआर४. १९६१ ते १९६५ या काळात ती कॉव्हेंट्रीतच तयार होत असे. आराखडा इटलीच्या जोवान्नी मिकेलॉटी यांचा. आपल्याकडे मद्रासला बनणाऱ्या स्टँडर्ड हेरल्डचे रूपही त्यांनीच घडवले होते. रत्नागिरीत लहानपणी एका डॉक्टरांची हेरल्ड पाहिली तेव्हापासून हे वेड लागले, असे मामू सांगतात. टीआर४ चे २१३८ सीसीचे इंजिन मात्र फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या इंजिनाचे नातेवाईक. "रूप शहाजाद्याचे, काळीज शेतकऱ्याचे," हे मामूंचे आवडते वाक्य.

तिच्या छपराची रचना समजून घेण्यासारखी आहे. मागची मोठी काच आपल्या चौकटीसह पक्की बसवलेली, आणि ती चौकट व पुढची काच यांमध्ये धातूचा एक पत्रा. स्क्रू काढले की पत्रा सुटतो. पोर्शेची 'टार्गा' अशाच कल्पनेवर १९६५ साली लोकांसमोर आली, म्हणजे ट्रायम्फनंतर. १९७२ च्या फियाट एक्स१/९ मध्ये तर काढलेले छप्पर पुढच्या डिकीत ठेवता येते. टीआर४ मध्ये ती सोय नाही. पत्रा घरीच ठेवून निघावे लागते. वाटेत पाऊस आलाच तर हलक्या सांगाड्यावर ताणायचे एक कापडी आच्छादन असते. त्याला 'सरी' म्हणतात. हा शब्द पावसाच्या सरींवरून आला असावा असे आम्हांला वाटले. मामू हसले. सरी हा तिकडचा एक परगणा आहे.

रविवारी न्याहारीनंतर मामू अंगणात येऊन आभाळ पाहत. मग आम्ही दोघे पत्रा उचलून गॅरेजमध्ये रजईवर ठेवत असू. मुमानी डोक्याला घट्ट रुमाल बांधून शेजारी बसायच्या आणि आम्ही मागच्या अरुंद फळीवर अंग चोरून. एकदा केनिलवर्थ ओलांडून वॉरिककडे जाताना सर आली. मामू थांबेनात. गाडी वेगात असली की वाऱ्याने पाऊस काचेवरून मागे निघून जातो, हे त्यांनी आम्हांला समजावले. पुढल्या सिग्नलला गाडी थांबली आणि तिघेही भिजलो. मुमानींनी निमूटपणे छत्री उघडली. शेजारच्या बसमधली माणसे टाळ्या वाजवू लागली.

गंमत एवढीच. बाकी सगळी मेहनत. पत्रा जिथे टेकतो तिथले रबर काळाने कडक होते आणि पाणी आत झिरपते. परतल्यावर मामू पायाखालचा गालिचा उचलून वाळत घालत. तसे केले नाही तर तळाचा पत्रा गंजतो. हिवाळ्यात तिकडे रस्त्यांवर मीठ टाकतात. गंज लागू नये म्हणून त्या दिवसांत गाडी बाहेर काढायची नाही. २०२१ पासून तिथल्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या नळ्या खाते, म्हणून महागडे पेट्रोल भरावे लागते. चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना रस्ताकर माफ आहे. अशा बहुतेक गाड्यांना २०१८ पासून वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. "म्हणून तर जास्त तपासावी लागते," मामू म्हणत.

असेच एकदा ग्रीस भरताना आम्ही अम्मीचा निरोप सांगितला. मामू रागावले नाहीत. हात पुसत म्हणाले, "वासे बदलायला पैसे आजच पाठवतो. पण बेटा, त्याखाली झोपणार कोण? गाडी सहा महिने उभी राहिली की ब्रेक आखडतात, तिला मी फिरवतो म्हणून ती जिवंत आहे. बंद घरात कौल सरकले, तर थेंब कुणाच्या अंगावर पडणार?"

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. शाकारणीला आम्ही वर्षातून दोन दिवस जात होतो. उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस घर एकटेच होते.

परतल्यावर आम्ही अम्मीशी बोललो. आमच्या शाळेत मराठवाड्यातून बदलून आलेले दोन शिक्षक आहेत. भाड्याची खोली मिळवताना त्यांची दमछाक झाली होती. मामूंच्या परवानगीने घर त्यांना दिले. भाडे नाही. अट एवढीच की छपरावर नजर ठेवायची. मामूंच्या पैशांतून सहा वासे आणि सगळ्या रिपा बदलल्या. गेल्या पावसात ओटीवर पाणी टपकले तेव्हा एक सर भर पावसात शिडी लावून वर चढले, आणि फुटलेले कौल अर्ध्या तासात बदलले गेले.

अम्मी त्या मोटारीला अजून इसराफच म्हणते. मामू चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. पत्रा उचलताना त्यांचे गुडघे कुरकुरतात. मुलाला गाडीत रस नाही. पुढे ती कुणाच्या हाती जाईल, हे अल्लाह जाणे. पण मेच्या अखेरीस त्यांचा फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न शाकारणीचा असतो. मग आम्ही विचारतो, "मामू, रबर बदलले का?"