दिशांची मर्यादा

व्यापारी कुटुंबाच्या घरात दोन प्रकारचे निर्णय होतात. काही पेढीवर होतात, काही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. कोणता माल घ्यावा, कोणाला किती उधारी द्यावी, हे पेढीवर ठरते. मुलीचे स्थळ, मुलाचे शिक्षण, आजारी माणसाची शुश्रूषा हे उंबऱ्यावर ठरते. परंतु सारे घरच उचलून दुसऱ्या प्रदेशात न्यावयाचे असेल, तर तो निर्णय कोठे बसून करावा? नगर आणि बीड जिल्ह्यांच्या सीमेवरील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका स्थानकवासी कुटुंबापुढे हा प्रश्न २०१६ च्या उन्हाळ्यात उभा राहिला, आणि त्याचे उत्तर मिळण्यास जवळजवळ दोन वर्षे लागली.

त्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन रेल्वे जात होती. या गावाला रेल्वे नव्हती. आठ-दहा दिवसांनी टँकर येई. कुटुंबाचे कापडाचे दुकान चार पिढ्यांचे. आठवडी बाजाराच्या दिवशी पूर्वी गिऱ्हाइकांना बसावयास गादीवर जागा अपुरी पडे. आता गुमास्ते दुपारी तागे पुन्हा पुन्हा घडी करीत बसत. शेतकऱ्याच्या हाती पैसा नव्हता, आणि ज्यांच्या हाती होता त्यांची मुले पुण्याहून तयार कपडे आणीत होती. घरात तीन भाऊ, त्यांच्या पत्नी, सहा मुले आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मातोश्री. थोरल्या भावांनी दिवाळीला वहीपूजन केले तेव्हा वर्षाची बाकी पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे गाव आता तेरा माणसांना पोसणार नाही.”

या घराला स्थलांतर नवे नव्हते. विक्रम संवत् १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा दुष्काळ राजस्थानात आजही ‘छप्पनिया’ या नावानेच ओळखला जातो. त्या वर्षी पणजोबा मारवाडातून लोटा आणि दोरी घेऊन निघाले. अजमेरहून रतलाम, इंदूर, खांडवा, तेथून मनमाड आणि पुढे नगर, असा त्यांचा प्रवास घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. नगरला एका दूरच्या आप्तांच्या पेढीवर त्यांना गुमास्तेगिरी मिळाली. जेवण बाशात, निजणे दुकानाच्या ओट्यावर. सात वर्षांनी त्याच आप्तांनी त्यांना माल उधार देऊन या गावी बसविले. त्यांची महाजनी लिपीतील पहिली वही आजही कपाटात आहे. घरातील कोणालाही ती वाचता येत नाही, परंतु दर दिवाळीला तिला कुंकू लागते.

तेव्हा जाणे हे पाप नव्हते. प्रश्न एवढाच होता की कोठे जावे.

थोरल्या भावांनी एक कोरी वही घेतली आणि तिच्यात रकाने आखले. भांडवल, भाडे, उधारीची मुदत, भाषा, शाळा, पाणी, स्थानक. डाव्या बाजूस प्रदेशांची नावे. पहिले नाव आसामचे होते. त्यांचे एक मावसभाऊ गुवाहाटीच्या फॅन्सी बाजारात तीस वर्षे व्यापार करीत होते आणि मोठ्या आग्रहाने बोलावीत होते. परंतु ते नाव फार दिवस टिकले नाही. मधल्या सूनबाईंनी फोनवर सहज विचारले, “तिकडे चौविहार किती वाजता?” उत्तर आले, डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. इकडे त्याच दिवसांत सहापर्यंत उजेड असतो. साडेचारच्या आत दुकानातून उठून घरी जेवावयाचे, म्हणजे ऐन धंद्याच्या वेळी गादी सोडावयाची. मावसभाऊंनी प्रामाणिकपणे सांगितले की त्यांचा स्वतःचा नियम दहा वर्षांपूर्वीच सुटला. वहीतील त्या ओळीवर थोरल्या भावांनी रेघ मारली.

दुसरे नाव तिरुप्पूरचे. हे नाव थोरल्या नातवाने सुचविले होते. त्याने वस्त्रोद्योगाचे शिक्षण घेतले होते आणि महिनाभर तेथे राहून तो सर्व पाहून आला होता. परत आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत वेगळेच तेज होते. तेथे विणकाम एका ठिकाणी, रंगाई दुसरीकडे, छपाई तिसरीकडे, शिवण चौथीकडे. एकाच माणसाने सारा कारखाना उभारण्याची गरज नाही. थोड्या भांडवलात सूत आणि होजिअरी कापडाची आडत सुरू करता येते. राजस्थानी आणि गुजराती व्यापारी तेथे बरेच आहेत. हिंदी शिकविणारी शाळाही शोधल्यास मिळते, जरी त्या राज्याच्या शासनाने १९६८ पासून तमिळ आणि इंग्रजी या दोनच भाषांचे धोरण ठेवले आहे. एका व्यापाऱ्याने त्याला भागीदारीही देऊ केली होती. रकान्यांतील आकडे मांडले तेव्हा तिरुप्पूर सर्वांत वर आले.

थोरल्या भावांनी एकच शंका काढली. तिरुप्पूरजवळून नोय्यल नदी वाहते. रंगाईच्या सांडपाण्याने ती इतकी बिघडली की २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाईचे कारखाने बंद ठेवण्याचा आदेश दिला होता. श्रावकासाठी जे पंधरा कर्मादान वर्ज्य सांगितले आहेत, त्यांत तळी-सरोवरे शोषून टाकण्याचा व्यवसायही आहे. नदी नासविणे त्याहून फार वेगळे म्हणावे काय? नातवाने उत्तर दिले की आता सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याचा नियम तेथे आहे, आणि असा नियम पाळणाऱ्यांशीच व्यवहार करता येईल. उत्तर पटण्याजोगे होते. ओळीखाली कोणी रेघ मारली नाही.

तिसरे नाव माळव्याचे, इंदूरचे. तेथील महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटशी घराचा जुना व्यवहार होता. भाषा येत होती. होळकरांच्या राजवटीमुळे मराठीही परकी नव्हती. स्थानके पुष्कळ. परंतु त्या बाजारात स्पर्धा दाट, दुकानाची पागडी भारी आणि नफा पातळ. धाकट्या भावांनी विनोदाने म्हटले, “छप्पनियामुळे पणजोबा निघाले, आणि आपण जाऊन बसणार छप्पन दुकानच्या शेजारी!” इंदूरच्या त्या प्रसिद्ध खाऊगल्लीचे नाव ऐकून मुले हसली. रात्री सराफ्यात दुकाने मिटल्यावर खाण्याचे ठेले लागतात आणि हिवाळ्यात तेथे तळलेला गराडू खाण्यास लोक गर्दी करतात, हेही कोणी सांगितले. गराडू म्हणजे कंदमूळ, आणि तेही रात्री! मातोश्री तेवढ्यापुरत्या हसल्या.

या सर्व चर्चेत मातोश्री क्वचितच बोलत. विचारले की म्हणत, “तुम्हा सर्वांचे भले होईल तेथे जा.” एकदाच त्यांनी प्रश्न केला: “तेथे आपल्याला पहिला माल उधार कोण देईल?” थोरल्या भावांना तो प्रश्न व्यवहाराचा वाटला आणि त्यांनी भागीदाराचे नाव सांगितले. “आणि आपल्याकडे कोणी ठेव ठेवील का?” त्यांनी पुढे विचारले. त्यावर कोणाला उत्तर सुचले नाही. या गावातील कितीतरी शेतकरी मुलीच्या लग्नाचे पैसे बँकेऐवजी या पेढीवर ठेवीत आले होते. पावती कोणी मागितली नव्हती. ही पत वहीतील कोणत्याच रकान्यात बसत नव्हती.

२०१७ चा चातुर्मास आला. गावात साध्वीजींचे ठाणे विराजमान होते. नववीतील नात पाथर्डी बोर्डाच्या धार्मिक परीक्षेची तयारी करीत होती. एका दुपारी ती श्रावकाची बारा व्रते पाठ म्हणत दादीजींजवळ बसली. पाच अणुव्रते झाली. सहावे व्रत आले: दिशांची मर्यादा. “दादीजी, हे व्रत आता कोणी घेते का?” तिने विचारले. दादीजी म्हणाल्या, “मी घेतले आहे.”

१९७२ च्या दुष्काळात, तेहतीस वर्षांच्या असताना, त्यांनी एका साध्वीजींपाशी हे व्रत यावज्जीव घेतले होते. उत्तरेस माहेरचे गाव, पश्चिमेस मुंबईचा समुद्र, पूर्वेस नागपूर. दक्षिणेस नणंदेचे सासर सोलापूरला, म्हणून कृष्णा नदी. या सीमेपलीकडे पाऊल टाकावयाचे नाही. संतदर्शनाचा आगारही त्यांनी ठेवला नव्हता. “सगळेजण कोठे जावे, कोठे जावे म्हणून घाबरले होते,” त्या नातीला म्हणाल्या. “मला वाटले, आपण कोठवर जायचे ते तरी ठरवून टाकावे.”

नातीने संध्याकाळी हे घरात सांगितले, तेव्हा जेवणाच्या ताटांवर शांतता पसरली. तिरुप्पूर कृष्णेच्या फार पलीकडे. नऊ महिने चर्चा चालली होती आणि मातोश्रींनी अवाक्षर काढले नव्हते. थोरल्या भावांनी विचारले, “बाई, तुम्ही सांगितले का नाही?” त्या म्हणाल्या, “व्रत माझे आहे. तुमच्या पायांत मी ते का अडकवू? तुम्ही जा. मी येथे राहीन. दोन गुमास्ते आहेत, शेजार आहे.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते कोणाला सोसवेना.

नातवाने मार्ग काढण्याचा प्रयत्न केला. उत्तरेची मर्यादा मारवाडापर्यंत आहे, आणि दादीजी आता एवढ्या लांब जाणार नाहीत. तर उत्तरेकडील अंतर कमी करून तेवढेच दक्षिणेकडे वाढविले तर? एकूण हिशेब तोच राहील. दुसऱ्या दिवशी थोरले भाऊ स्थानकात गेले. त्यांनी कोठे राहावयास जावे असे विचारले नाही. साधू-साध्वी सांसारिक व्यवहाराची आज्ञा देत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी केवळ त्या व्रताचे अतिचार विचारले. साध्वीजींनी पाचही सांगितले: वरच्या दिशेचे, खालच्या दिशेचे आणि तिरकस दिशांचे उल्लंघन, एका दिशेचे परिमाण घटवून दुसरीकडे वाढविणे, म्हणजे क्षेत्रवृद्धी, आणि ठरविलेली मर्यादाच विसरून जाणे.

थोरले भाऊ परतताना वाटेत थांबले. हे पाचही अतिचार त्यांना पाठ होते. दरवर्षी पर्युषणात ते स्वतः प्रतिक्रमणात ते म्हणत आले होते. घरातील प्रत्येकजण म्हणत आला होता. नातवाने सुचविलेली युक्ती त्यांत शब्दशः वर्ज्य ठरविलेली होती, आणि ती सुचविली गेली तेव्हा सर्वांना हुशारीची वाटली होती. पाचवा अतिचार तर अधिकच बोचला. मातोश्री आपली मर्यादा विसरल्या नव्हत्या. आपण मात्र कधी आखलीच नाही, मग विसरणार काय?

त्या रात्री त्यांनी वही उघडली आणि रकान्यांच्या शेवटी एक नवा रकाना आखला. त्यावर लिहिले: किती पुरे? मग तिघे भाऊ बसले आणि त्यांनी घराचा वर्षाचा खर्च, मुलांचे शिक्षण, औषधपाणी, दान, सारे लिहून काढले. तिरुप्पूरमध्ये याहून बरेच अधिक मिळाले असते. इंदूरमध्ये, जपून चालल्यास, एवढे मिळत होते. नातू उठून गच्चीवर गेला. त्याचे दुःख खोटे नव्हते. तरुण माणसाच्या हातची संधी चालली होती. त्याला कोणी उपदेश केला नाही. धाकटे काका त्याच्या शेजारी जाऊन बसले, एवढेच.

चार दिवसांनी नातवाने स्वतःच विषय काढला. इंदूरहून तिरुप्पूरचा माल आणून विकता येईल. खरेदीला तो वर्षातून तीनदा जाईल, कारण त्याच्यावर कृष्णेची मर्यादा नाही. मात्र ज्यांच्या रंगाईचे पाणी तो स्वतः पाहून येईल, त्यांचाच माल घेईल. थोरल्या भावांनी ही अट वहीत लिहून घेतली.

निघण्यापूर्वीचे काम सर्वांत मोठे होते. संवत्सरीनंतर तिघे भाऊ तीन दिशांना गावोगाव फिरले. ज्यांची ठेव होती त्यांना ती व्याजासह परत केली. ज्यांच्याकडे उधारी होती त्यांची यादी घेऊन गेले. दुष्काळात ज्यांची गुरे विकली गेली होती, त्यांच्या नावापुढे रेघ मारली. आणि प्रत्येकाच्या दारात हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. एका वृद्ध शेतकऱ्याने पैसे हातात घेऊन विचारले, “शेठ, आता हे मी ठेवू कुठं?” थोरल्या भावांजवळ याचे उत्तर नव्हते. ते त्याला तालुक्याच्या बँकेत घेऊन गेले आणि खाते उघडून दिले. परंतु येताना त्यांना वाटत राहिले की आपण त्याचे काहीतरी काढून घेतले आहे.

दुकान दोन जुन्या गुमास्त्यांना हप्त्याने दिले. २०१८ च्या अक्षय तृतीयेनंतर कुटुंब इंदूरला गेले. मातोश्रींनी पणजोबांची वही मांडीवर घेऊन प्रवास केला. सुरुवातीची दोन वर्षे कठीण गेली. बाजारात उधार मिळाले, पण मोजून. ठेव अद्याप कोणी ठेवलेली नाही. त्या शहरालाही पाणी सुमारे ७० किलोमीटरवरून, नर्मदेतून उपसून आणावे लागते, हे कळल्यावर मातोश्रींनी नळाखाली बादली ठेवण्याची गावाकडची सवय सोडली नाही.

नव्या घरापासून रेल्वेमार्ग दूर नाही. पहिल्या आठवड्यात नातीने त्यांना स्थानक दाखविण्यास नेले. पणजोबा मारवाडातून येताना याच गावावरून पुढे गेले होते, उतरले नव्हते. मातोश्रींनी विचारले, “मारवाड कोणत्या बाजूला?” नातीने हात करून दाखविले. त्या क्षणभर तिकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे अजून पुष्कळ जागा शिल्लक आहे.” मग सूर्य कलू लागला होता, म्हणून दोघी जेवणासाठी घराकडे वळल्या.