एक रद्द झालेला फटका

क्रिकेटच्या आकड्यांची पुस्तके चाळण्याचे व्यसन ज्यांस आहे, त्यांस बेसबॉलच्या आकड्यांचे वेड लागावयास वेळ लागत नाही, हा माझा स्वानुभव आहे. त्या रुक्ष रकान्यांत एका नावापाशी मी नेहमी अडखळतो. ते नाव रॉस बार्न्स याचे. १८७६ साली त्याची सरासरी .४२९, आणि लगेच पुढच्या साली .२७२! इतका मोठा कडेलोट पाहिला की त्याचे कारण शोधावेसे वाटते, आणि बेसबॉलचे इतिहासकार ते चटकन हाती देतात: नियम बदलला व बार्न्स संपला.

बार्न्सचा जन्म १८५० सालचा, न्यूयॉर्क संस्थानातील माउंट मॉरिस गावचा. पण तो खेळाडू झाला इलिनॉयमधील रॉकफर्ड येथे. १८६७ च्या जुलैत वॉशिंग्टनच्या नामांकित ‘नॅशनल’ संघाला रॉकफर्डच्या पोरांनी शिकागोत २९ विरुद्ध २३ असे हरविले, तेव्हा हा सतरा वर्षांचा होता व त्याचा समवयस्क सोबती ॲल्बर्ट स्पॉल्डिंग चेंडू टाकीत होता. १८७१ साली धंदेवाईक खेळाडूंची पहिली संघटना निघाली. हॅरी राइटने या दोघांस बोस्टनला नेले, आणि १८७२ पासून सलग चार वर्षे अजिंक्यपद बोस्टनकडेच राहिले. बार्न्स दुसऱ्या बेसवर उभा राही. त्या काळी आतल्या फळीतले खेळाडू उघड्या हातांनी चेंडू अडवीत. हातमोज्यांची चाल पुढची.

आता त्या फटक्याविषयी. क्रिकेटमध्ये फलंदाजाला चारी दिशा मोकळ्या. बेसबॉलमध्ये मात्र त्याच्यापासून निघून पहिल्या व तिसऱ्या बेसवरून जाणाऱ्या दोन रेघांच्या आतच चेंडू मारावा लागतो. रेघेबाहेर गेला तो फाऊल. परंतु त्या वेळचा नियम असा होता की, चेंडूचा पहिला टप्पा रेघेच्या आत पडला की फटका खरा. मग तो चेंडू बाहेर कोठेही जावो. बार्न्स चेंडू असा खाली दाबून मारी की तो समोर आत टप्पा घेई आणि गिरकी खाऊन तिसऱ्या बेसच्या बाहेर दूर पळे. रक्षक त्याच्यामागे धावेपर्यंत हा स्वस्थपणे पुढचा बेस गाठी. ही युक्ती त्याची स्वतःची नव्हे. डिकी पिअर्स नावाच्या जुन्या खेळाडूस तिचे श्रेय देतात. पण ती बार्न्सइतकी कोणास साधली नाही. शिवाय तिला अडविण्यासाठी तिसऱ्या बेसवरचा गडी रेघेकडे सरकला की आत खिंडार पडे, आणि सरळ फटका तर बार्न्सपाशी होताच. निव्वळ चलाखीवर जगणाऱ्या माणसाचा खेळ असा दुधारी नसतो.

१८७६ साली तो व स्पॉल्डिंग शिकागोकडे गेले. नव्या नॅशनल लीगचे ते पहिलेच वर्ष. तिच्यातील पहिला होम रन बार्न्सचा. सहासष्ट सामन्यांत १२६ धावा त्याच्या. पहिले अजिंक्यपदही शिकागोचे. १८७७ साली नियम झाला की, पहिला किंवा तिसरा बेस ओलांडण्यापूर्वी बाहेर गेलेला चेंडू फाऊल. फटका कायमचा रद्द झाला. येथवर इतिहासकारांचे म्हणणे खरे.

पण त्याच वर्षी बार्न्सला हिवतापासारखे दुखणे जडले, ही गोष्ट ते तळटीपेत ढकलतात. तो हंगामभरात अवघे बावीस सामने खेळला. हिवतापाने अंगातला जोम कसा शोषला जातो हे आपल्याकडे कोकणातल्या माणसास समजावून सांगावे लागत नाही. नियम बदलल्याने फटका जाईल. धावण्यातला वेग कसा जाईल? १८७९ साली सिनसिनाटीकडून व १८८१ साली पुन्हा बोस्टनकडून तो खेळला, परंतु पूर्वीचा बार्न्स परतला नाही. एकतिसाव्या वर्षी सर्व आटोपले.

आजारपणातील दिवसांचा पगार शिकागो क्लबने कापला. बार्न्सने दावा लावला, आणि निकाल त्याच्या विरुद्ध गेला. माझे वडील गिरणीत होते. आजारपणाचा खाडा म्हणजे बिनपगारी खाडा, हे आमच्या घरात लहानपणीच पाठ झाले होते. त्यामुळे या निकालाचे मला नवल वाटत नाही, रागही धड येत नाही. एवढेच वाटते की, ज्याच्या धावांनी फाटकावर गर्दी जमली तो आजारी पडताच गिरणीतल्या सांचेवाल्यासारखाच मोजला गेला. स्पॉल्डिंग तोवर खेळाच्या सामानाच्या धंद्यात शिरला होता व पुढे मोठा धनिक झाला.

कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात १९३९ साली स्पॉल्डिंगची स्थापना झाली. बार्न्स १९१५ च्या फेब्रुवारीत शिकागोत वारला. त्याचे नाव तेथे नाही. खेळाडू म्हणून आत जावयास दहा हंगाम लागतात. बार्न्सचे मोजून नऊ भरतात, आणि त्यांतील बोस्टनचे पहिले पाच ज्या संघटनेतले, तिला वरिष्ठ दर्जा देण्यास अधिकृत नोंदी तयार नाहीत.