आमची पर्दानशीन

त्र्यंबकेश्वर हे पाहुण्यांचं गाव. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेल्यांची पावलं आमच्या खिडकीखालून रात्रभर वाजत असतात. अशा गावात आमच्या वाट्याला मांजर आलं ते माणसांना भिणारं. दारावर थाप पडली की शबनम पलंगाखाली. पाहुणा गेला तरी तासभर बाहेर येत नसे.

मालेगावच्या खाला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी महिनाभर राहायला आल्या आणि शबनमनं दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर त्याचं यकृत बिघडू शकतं, म्हणून आम्ही धास्तावलो. इकडे खालांचं मन दुखावलं. "बिल्ली पाली के भूत पाला? हमारी सूरत इतनी बुरी है क्या?" म्हणाल्या हसतच, पण पानाचा विडा हातातच राहिला.

पिल्लू दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसांच्या हाताखाली आलं तर सहज माणसाळतं. शबनम भर पावसात आमच्या दारी आली तेव्हा तीनेक महिन्यांची होती. आम्ही उर्दू शाळेत पहिलीला शिकवतो. तिथंही काही मुलं आईचा दुपट्टा सोडत नाहीत. त्यांना ओढून बाकावर बसवलं की पुढचे पंधरा दिवस रडण्यात जातात.

म्हणून पलंगाखालून तिला काढायचं नाही असं ठरलं. उलट तिथं एक खोकं आडवं ठेवून त्यात खालांची वापरलेली ओढणी अंथरली. खालांनी तिला बोलवायचं नाही, नुसतं खाली चटईवर तस्बीह घेऊन बसायचं. रोज असरनंतर उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकायचा. आधी लांब, मग रोज वीतभर जवळ. बी.एड.ला पाव्हलॉव्हचा कुत्रा घोकला होता, तो कामी आला मांजरीच्या! नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटून उघडायचे. असं करणाऱ्या अनोळखी माणसाजवळही मांजरं अधिक येतात, हे ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं आहे. खाला म्हणाल्या, "इस काले चश्मे में उसको मेरी आँख दिखेगी क्या?"

वजूच्या पाण्याची त्यांची शंका अम्मींनी मिटवली. हजरत अबू कतादा यांनी वजूचं भांडं तिरपं करून मांजरीला पाणी पाजल्याची हदीस अम्मींना पाठ. शेजारच्या पोरांना मात्र खोलीत मज्जाव. पोरं खोक्यात हात घालणार, ती ओरबाडणार, मग रेबीजच्या इंजेक्शनसाठी धावपळ.

अकराव्या दिवशी शबनमनं खालांच्या पायाला पाठ घासली. मांडीवर काही ती बसली नाही, बसेलसं वाटतही नाही. इतर पाहुण्यांसाठी अजून पर्दानशीनच आहे. खाला मालेगावला परतल्या. हल्ली फोनवर आधी तिची खुशाली विचारतात, मग आमची.