विरजणाचं दूध आणि बारावीचं गणित

मैत्रिणींनो, ज्यांच्या घरी यंदा बारावी आहे त्यांना मी वेगळं काय सांगणार! टीव्हीचा आवाज बारीक झालेला असतो, पाहुण्यांना 'परीक्षा आटोपली की निवांत या' असं गोडीगुलाबीनं कळवलेलं असतं, आणि आई दुधाचा पेला घेऊन दाराशी उभी असते. आत काय चाललंय ते तिला विचारताही येत नाही, कारण आत गणित चाललेलं असतं.

मला थोडंफार आत डोकावता येतं. मी बी.ए. आहे, पण गणित घेऊन. बी.ए.ला गणित घेता येतं हे आपल्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊकच नसतं. बारावीच्या गणिताच्या पुस्तकावर 'कला आणि विज्ञान' असं छापलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. आमच्या वेळी सायन्सची प्रॅक्टिकलं संध्याकाळपर्यंत चालायची आणि गावाकडे जाणारी शेवटची बस लवकर निघायची. म्हणून वडिलांनी आर्ट्सला घातलं आणि मी हट्टानं गणित घेतलं. सबंध वर्गात गणिताच्या आम्ही दोघीच मुली होतो. आता अमरावतीत एका शाळेत अर्धा वेळ शिकवते, आणि साडेचार ते सहा घरी अकरावी-बारावीच्या चार-पाच मुलींचं गणित घेते. सहानंतर कुकर लावायचा असतो, म्हणून सहाच.

आज जे सांगणार आहे ते मात्र शिकवणीचं कमी आणि घरचं जास्त आहे.

माझी थोरली नणंद अकोल्याला असते. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि ताईंनी तिला तिथल्याच एका मोठ्या क्लासमध्ये घातलं. अकोल्याला क्लासेससाठी बुलढाणा, वाशीमकडची मुलंसुद्धा खोल्या घेऊन राहतात. मग घरच्याच गावात असलेल्या मुलीला का घालू नये, असा ताईंचा हिशेब. तो काही चुकीचा नव्हता. दोन वर्षांची फी एकदम भरली. ताईंनी त्यासाठी काय मोडलं ते मला माहीत आहे, पण ते इथे लिहीत नाही.

२०२३ ची भाऊबीज. ताई मुलीला घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. ओवाळणं झालं, जेवणं झाली. दुपारी मी मागच्या खोलीत गेले तर भाची पुस्तक उघडं टाकून रडत बसलेली. सासूबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत विचारत होत्या, "काऊन रडतं वं पोरी? कोनं काही म्हटलं का तुले?"

कुणीच काही म्हटलं नव्हतं. दर परीक्षेनंतर क्लासमध्ये तुकड्या बदलत, आणि ती वरच्या तुकडीतून उतरत उतरत शेवटच्या तुकडीत आली होती. अकरावीच्या दुसऱ्या सहामाहीपासून तिला गणितातलं काही समजलेलंच नव्हतं. वर्षभर ती फळ्यावरचं नुसतं उतरवून घेत होती. वह्या इतक्या सुरेख, की ताई त्या शेजारणींना दाखवायच्या!

मी म्हटलं, दर शनिवारी ये, रविवारी परत जा. अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं ऐंशीएक किलोमीटर, पुढे शहरात यायला ऑटो. ताई तयार झाल्या, पण एक वाक्य बोलल्याच, "तू बी.ए. झालीस ग. तिथले सर आयआयटीतून शिकून आलेले आहेत." मला ते लागलं. आणि ते लागलं म्हणूनच मी पहिले दोन शनिवार चुकीचं वागले. या सरांच्या वरचढ शिकवून दाखवते, अशा जिद्दीनं मी तिच्याकडून इंटिग्रेशनची जुन्या पेपरांतली पंचवीस-तीस गणितं सोडवून घेतली. तिला येईनात. मी चिडले, आवाज चढवला. ती पुन्हा रडली. यात मी क्लासहून वेगळं काय केलं होतं?

तिसऱ्या शनिवारी तिला आंघोळीला पाठवलं आणि तिची कच्ची वही काढून बसले. सुरेख वही नव्हे, मागच्या पानांवर पेन्सिलीनं खरडलेली. तिथे एका ओळीत दिसलं: १/क्ष अधिक १/य, आणि पुढे उत्तर २/(क्ष + य). मी थबकलेच. बारावीतल्या इंटिग्रेशनमध्ये एका मोठ्या अपूर्णांकाचे लहान तुकडे करावे लागतात, आणि ही पोरगी अपूर्णांकांची बेरीजच चुकीची करत होती! ती आली तेव्हा मी काहीच बोलले नाही. ताटातली भाकरी घेतली, अर्धी मोडली. "अर्धी भाकरी, आणि वर आणखी तिसरा हिस्सा. किती झाली?" ती पटकन म्हणाली, "दोन छेद पाच." "म्हणजे अर्ध्याहून कमी की जास्त?" ती भाकरीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मामी, कमी होते. असं कसं होईल?"

पाच छेद सहा हे उत्तर तिनं स्वतः काढलं. आकडे असते तर ती कदाचित पूर्वीच सावरली असती, पण अक्षरं आली की कमी-जास्त दिसत नाही आणि चूक तशीच पुढे चालत राहते. आठवीतली चूक बारावीपर्यंत आली होती आणि कुणाच्या लक्षात आली नव्हती, कारण शाळेत पायऱ्या पाठ करून मार्क मिळत गेले.

आता खरा पेच पुढे होता. परीक्षा तीन महिन्यांवर आलेली, आणि मला तिला आठवी-नववीच्या पुस्तकाकडे परत न्यायचं होतं. सगळं होणार नव्हतं, काहीतरी सोडावं लागणार होतं. आमच्याकडे नेमकी इथेच गफलत होते. बारावीचं गणित म्हणजे एकच परीक्षा असं आपण धरून चालतो, पण त्या तीन असतात. बोर्डाचा पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा, वर प्रात्यक्षिकांचे २०. तिथे पायऱ्यांनाही गुण मिळतात. राज्याच्या सीईटीत गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. पण बहुतेक प्रश्न बारावीचे, अकरावीचे थोडे, आणि चुकलं तर गुण कापत नाहीत. जेईईची तऱ्हा निराळीच. तिथे पर्याय चुकला की एक गुण वजा होतो. पाया कच्चा असलेल्या मुलीनं जानेवारीत जेईई द्यायची म्हणजे आहे तो धीरही घालवायचा.

मी ताईंना फोन करून सांगितलं, "जेईई सोडून द्या. बोर्ड आणि सीईटी एवढंच धरू या."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "तुझी मुलगी असती तर सोडायला लावलं असतंस?" आणि फोन ठेवला. घरात हेही माझ्यावर नाराज, "तुला काय पडली होती मध्ये बोलायची?" मैत्रिणींनो, नणंदेच्या मुलीचं भवितव्य आपण ठरवायला निघालोय, या विचारानं मला त्या रात्री झोप आली नाही. मुलगी असती तर? खरंच, मी काय केलं असतं? अजूनही छातीठोक सांगता येत नाही.

ताई माझ्याशी बोलेनाशा झाल्या, पण मुलीला शनिवारी पाठवायचं थांबवलं नाही. त्यांचा मोठेपणा म्हणायचा तो हा.

एकदा डिफरन्शियल इक्वेशन चालू होतं. उष्ण वस्तू निवण्याचा न्यूटनचा नियम त्याच धड्यात आहे. मी उदाहरण घातलं: खोली ३० अंशांवर, दूध ९० वर, पंधरा मिनिटांत ते ६० वर आलं; आणखी पंधरा मिनिटांनी किती? भाची म्हणाली, "तीस अंश उतरलं, अजून तीस उतरेल. तीस." सासूबाई तिथेच तांदूळ निवडत होत्या. चौथी शिकलेल्या. त्या हसल्या. "असं नाही होत वं. दूध पयले झपाट्यानं निवते, मंग हळूहळू. कोमट झालं की लय येळ कोमटच राह्यते. म्हनून तं विरजन लावाले सवड भेटते!"

नियम तोच आहे. दूध खोलीपेक्षा जितकं जास्त गरम, तितकं भरभर निवतं. खोलीच्या वर ६० अंश होतं, त्याचे पंधरा मिनिटांत ३० झाले, पुढच्या पंधरांत १५, त्याच्या पुढे साडेसात. म्हणजे दूध ६० वर, मग ४५ वर, मग साडेसदतीसवर, आणि तिथे आजीचं विरजण! भाचीनं मग तेच गणित लॉगरिदम घेऊन सोडवलं आणि उत्तर जुळल्यावर आजीला टाळी दिली.

दुसऱ्यांदा मीच तिला सोडायला एसटीनं अकोल्याला निघाले होते. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता, तुम्हाला आठवत असेल. मी विचारलं, "ताशी किती?" तिनं मोबाईल न काढता सांगितलं, सातशे दहा मीटरच्या आसपास. "मग दर तासाला बरोबर तेवढाच झाला असेल?" "छे, कधी डंपर उशिरा आला असेल, कधी भरभर झालं असेल." "मग पहाटे बरोबर तीन वाजता कोणत्या वेगानं चाललं होतं, ते कसं काढशील?" मूर्तिजापूर येईपर्यंत ती गप्प. मग म्हणाली, "मामी, तीनच्या आसपासचा वेळ लहान लहान करत नेला तर... अगं बाई, हेच डेरिव्हेटिव्ह!" डेरिव्हेटिव्हची पंचवीसेक सूत्रं तिला वर्षभरापासून पाठ होती.

फीचं एक सांगायचं राहिलं. जेईई सोडली म्हणून उरलेली फी मागितली, तर क्लासनं हात वर केले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पूर्ण फी भरून मुलानं मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी असं आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये, असंही आहे. आम्हाला त्याचा उपयोग झाला नाही. तुम्ही मात्र पैसे भरण्याआधी परतीचं लेखी विचारून घ्या, पावती घ्या, आणि दोन वर्षांची फी एकदम भरू नका, मग कितीही सवलत मिळो.

निकाल काही पेपरात फोटो येण्याजोगा लागला नाही. गणितात शंभरपैकी अडुसष्ट. सीईटीचे गुण बेताचेच. हव्या त्या सरकारी कॉलेजात नंबर लागला नाही. भाची आता बी.एस्सी. करते आहे, स्टॅटिस्टिक्स घेऊन, स्वतःच्या मर्जीनं. ताईंना इंजिनिअर मुलगी हवी होती, ती हुरहूर त्यांच्या बोलण्यात अजून येते आणि मी ती ऐकून घेते.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. धाकटा आठवीत गेलाय. "सुट्टीत पाठवू का त्याला तुझ्याकडे आठ दिवस?" म्हटलं, पाठवा की! कपडे कमी असले तरी चालतील, पण गणिताची कच्ची वही पाठवा. खोडलेली, फाटलेली, कशीही असो. नवीन वहीत उतरवून नको.

"ती कशाला?" ताई म्हणाल्या. मग स्वतःच, "बरं बरं, कळलं."